मागच्या दाराची वेरा

"समोरून येऊ नका, मागून या. समोरून फक्त विमेवाले येतात." वेरा ह्लादून हे सगळ्यांना ऐकवायची, पाद्रीबाबांनासुद्धा.

आमच्या कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या गव्हाच्या माळावर घराचं खरं दार मागचंच. तिथं बुटांची खोली असते. चिखल, बर्फ, कोट, कुत्रा सगळं तिथं उतरतं, मगच माणूस स्वयंपाकघरात येऊन कॉफी मागतो. वेरा ज्याला टाटो म्हणे त्या तिच्या बापाचा, मेट्रोचा, एक पाय धान्य चढवणाऱ्या यंत्रात गेला. तेव्हापासून त्याची चाकाची खुर्ची समोरच्या दारानं आत येई, कारण उतार तिकडंच बांधलेला. स्वतःच्या घरात तो परक्यासारखा बैठकीत बसे आणि मागं बूट आपटत येणाऱ्यांचे आवाज ऐके.

वेरा शहरात इंटिरियर डिझाईन शिकत होती. तिनं जीव ओतून एकच नकाशा काढला, त्या बुटांच्या खोलीचा. मागच्या अंगानं लांब, खुर्चीला सोसेल असा उतार. बसल्या जागी हात पोचेल अशा खुंट्या. एकच बूट काढायचा असलेल्या माणसासाठी भिंतीत लाकडी खाच.

नकाशा घेऊन ती वासिलकडं गेली. वासिल गावचा सुतार आणि गावच्या हॉलचा अध्यक्ष.

"कापणी होऊ दे, पोरी."

कापणी झाली. मग बर्फ वितळू दे. बर्फ वितळला, तर पेरणी आली. सांगताना अजून माझ्या कपाळाची शीर उठते.

एका दुपारी तिला फोन आला. विद्यार्थ्यांच्या स्पर्धेत तिचा नकाशा पहिला आला होता.

"चुकीचा नंबर लागलाय. मी कुठल्याच स्पर्धेत नाही," म्हणून तिनं फोन ठेवला.

तिच्या शिक्षिकेनं नकाशा परस्पर पाठवला होता. नकाशात समोरचं दारच नव्हतं, ते मोठं धाडस आहे, असं परीक्षकांचं मत पडलं.

"धाडस कसलं? काढायलाच विसरले," वेरा म्हणाली. "तिकडून जातंय कोण?"

मग गावाला उमाळा आला. हॉलमध्ये सत्कार ठरला. पिरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या करंज्यांची, परात, काचेचं मानचिन्ह, भिंतीएवढा छापलेला नकाशा. मेट्रो पहिल्या रांगेत, खुर्चीत. वासिलनं आमच्या मातीच्या कलेवर भाषण ठोकलं.

वेरा उठली. "वासिलकाका, एवढा मोठा नकाशा छापायला वेळ कसा मिळाला?"

"तुझ्यासाठी काय पण! लगेच शहरात गेलो."

"आणि खोली बांधायला?"

"अगं, आज आनंदाचा दिवस..."

"कुणाचा आनंद? टाळ्या वाजवायला हात आहेत, हातोडा धरायला नाहीत! माझे टाटो अजून विमेवाल्यांच्या दारानं घरात येतात."

"पिरोगी गार होतायत," कुणीतरी पुटपुटलं.

"तुम्हीच गिळा!"

मानचिन्ह तिनं टेबलावर आपटलं. भिंतीवरचा नकाशा ओढून काढला, गुंडाळून काखेत मारला आणि हॉलच्या मागच्या दारानं बाहेर पडली, रस्त्यापलीकडच्या लाकडाच्या वखारीकडं.

मेट्रो खुर्ची ढकलत मागच्या दारापर्यंत आला आणि पायऱ्यांपाशी अडला. आम्ही सगळे त्याच्या मागं दाटीनं उभे. त्याला उचलून खाली न्यायला वासिल वाकला, तर मेट्रोनं त्याचा हात झटकला.

वेरा वखारीत शिरेपर्यंत तो तिथूनच तिच्याकडं पाहत राहिला.