बाळाच्या कानात सांगितलेलं नाव

भाच्याचं बारसं मांडवगण फराट्याला, वहिनीच्या माहेरी होतं. यवतहून निघायच्या आदल्या दिवशीच माझं नाक चोंदलं, घसा खवखवायला लागला. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी त्याच्यावरच उखडले. एकुलत्या एका भावाचं पहिलं मूल, आत्या मी एकटीच. नाव सांगायला काय शेजारीण उभी करायची? हा मान मी भावाच्या लग्नापासून मनात धरून बसले होते. सर्दीची गोळी घेतली, रुमाल कमरेला खोचला आणि गेले.

बाळ सव्वा महिन्याचं. पाळण्यात वाकून त्याच्या कानाला तोंड लावलं, कुर्र्र केलं आणि नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे बायकांनी माझ्या पाठीत बुक्के घातले. त्यासरशी खोकल्याची उबळ आली, ती थेट बाळाच्या तोंडावर. बायका हसल्या. त्यांना वाटलं, बुक्के जरा जोरात बसले. मीही हसले.

पाचव्या दिवशी सकाळी भावाचा फोन आला. बाळाला शिरूरला दवाखान्यात ॲडमिट केलं होतं. मी पोचले तेव्हा त्याच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती आणि दर श्वासाला बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती. दूध ओढण्याइतका दमच त्याच्यात उरला नव्हता. मी त्याचे श्वास मोजायला लागले, पण ते इतके भराभर येत होते की मोजणं चुकायचं.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. मोठ्या माणसाला ज्या विषाणूनं नुसती सर्दी होते, तोच तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनळ्यांत उतरला की त्या सुजतात, कफानं बुजतात. त्याच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. ऑक्सिजन द्यायचा, नळीनं दूध द्यायचं आणि वाट बघायची. पुढचे दोन दिवस जोखमीचे. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला सर्दी होती का?

माझी आई लगेच म्हणाली, "सर्दी कुणाला न्हाई. हिनंच केळं खाल्लं, नको नको म्हनत असताना."

वहिनीनं मान खाली घातली. माझं चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. डॉक्टरीणबाई कागदावर लिहीत होत्या, तरी मला वाटलं त्या माझ्याकडेच बघताहेत. दिवसभर आई त्या केळ्यावरून बोलत राहिली आणि मी ऐकून घेत राहिले. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ऑक्सिजन वाढवला. पुण्याला हलवावं लागेल का, असं बोलणं सुरू झालं. तेव्हा माझा धीर सुटला. सगळ्यांसमोर सांगून टाकलं की सर्दी मला होती, मी पाळण्यात खोकले, केळ्याचा काही संबंध नाही. आई बघतच राहिली. भाऊ उठून बाहेर गेला. वहिनी बाळाचं दुपटं नीट करत राहिली.

पुण्याला न्यावं लागलं नाही. चौथ्या दिवशी बाळ अंगावर प्यायलं. मी मास्क लावून दारातच उभी होते, आत जायची हिंमत नव्हती. वहिनीनं बाळावरची नजर न काढता म्हटलं,

"मला तवाच कळलं हुतं, ताई. तुमचं नाक चोंदल्यालं हुतं. पन आत्याला पाळण्यापासनं बाजूला व्हा म्हनायची माझी काय बिशाद?"