पुढे पळणारे कॅमेरे आणि भिजलेल्या कुरडया

रविवार, एप्रिलमधली टळटळीत दुपार. स्थळ : सोलापूर, आमचा हॉल. हजर : सासूबाई, हे, धाकटे दीर प्रशांत, जाऊ सुनीता आणि मी. शिवाय दाराशी सुनीताची भरलेली बॅग.

विषय एकच. आदल्या दिवशी कुणीतरी पाण्याची मोटार चालू केली आणि बंद करायला विसरलं. टाकी भरून वाहिली आणि गच्चीवर वाळत घातलेल्या सासूबाईंच्या कुरडयांचा पुन्हा चीक झाला! (तीन दिवस गहू भिजवून केलेल्या कुरडया. अकलूजच्या नणंदबाईंचा वाटाही त्यातच होता.) मी आणि हे लग्नाला गेलो होतो, प्रशांतभावजी चिंचोळीला कंपनीत. उरल्या दोघी. सासूबाई म्हणत होत्या, मी देवळात होते. सुनीता म्हणत होती, मी बाजारातून आले आणि कूलर लावून आडवी झाले. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं, आणि ती नातेपुत्याला माहेरी निघाली होती.

अशा वेळी घरात एक व्यवस्थित माणूस लागतं. आमच्या घरात ते मी आहे.

फाटकावर एक आणि मोटारीपाशी एक, असे दोन कॅमेरे मीच हट्टाने बसवून घेतलेत. मोबाइलवर कालचं चित्रण लावलं आणि मोठ्याने वाचत गेले. सासूबाई बाहेर पडल्या, दहाला दहा कमी. सुनीता आत आली, दहाला पाच कमी. मोटारीचा लाल दिवा लागला, ठीक दहा. (बटण दाबणारं माणूस दिसत नव्हतं. मध्ये दोरीवर चादर वाळत होती.) मी कागदावर रेघ मारली. निकाल स्पष्ट होता.

"आता बोला की," सासूबाई छताकडे बघत म्हणाल्या. "मशीन खोटं बोलतंय व्हय?"

सुनीताने डोळे पुसले आणि मोबाइल माझ्या हातातून घेतला. दोन्ही कॅमेऱ्यांचं चालू चित्र शेजारी शेजारी लावलं.

"ताई, हे दोन्ही आत्ताचंच ना?"

"आत्ताचंच."

"मग एकात सव्वाबारा आणि एकात साडेबारा कसं? माझ्या मोबाइलमध्ये तर बाराच वाजलेत."

प्रशांतभावजींनी घड्याळाचा हात हळूच खिशात घातला.

खुलासा करणं भाग आहे. आमच्या घरातलं कुठलंही घड्याळ खरी वेळ दाखवत नाही. यांना ऑफिसला वेळेवर बाहेर काढायला स्वयंपाकघरातलं मी पाव तास पुढे ठेवते. कंपनीची बस चुकू नये म्हणून भावजी मनगटावरचं अर्धा तास पुढे ठेवतात. (सगळे मनात वजाबाकी करतात आणि आणखी उशिरा निघतात.) कॅमेरे बसले तेव्हा इंटरनेटवरून आपोआप वेळ घेत होते. ती आमच्या घड्याळांशी जुळेना, म्हणून मी ती सोयच बंद केली! फाटकाचा कॅमेरा मी स्वयंपाकघराप्रमाणे लावला, मोटारीचा भावजींनी मनगटाप्रमाणे. बसवायला आलेले गृहस्थ राहू द्या म्हणत होते. मी त्यांना सुनावलं होतं, आमच्याकडे वेळेच्या बाबतीत ढिलाई चालत नाही.

आता मात्र सेटिंगमध्ये शिरले, भारताची वेळ निवडली, बंद केलेली सोय चालू केली. दोन्ही कॅमेरे एकच वेळ दाखवू लागले. आमच्या घरात दोन घड्याळांचं एकमत होण्याचा हा पहिलाच प्रसंग! मग त्याच दिमाखात कालच्या वेळांतून पाव तास आणि अर्धा तास वजा केला. मोटार चालू, साडेनऊ. सासूबाई बाहेर, त्यानंतर पाच मिनिटांनी. सुनीता घरात, आणखी पाच मिनिटांनी.

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर सावरला.

"माज्या कुरडया हायत. मी वाळवीन न्हायतर भिजवीन. तुमाला काय करायचंय?" मग सुनीताकडे वळल्या. "चहा टाक की गं. आलं घाल जरा."

"टाकते, आई."

भावजींनी बॅग आत नेली. माझी छाती अभिमानाने फुगली होती. त्याच भरात, नव्या कुरडयांसाठी पहाटे गॅसवर चीक हाटायच्या, म्हणजे गुठळी न होऊ देता घोटायच्या, पाळ्याही मी लावून टाकल्या.

"पाळ्या कशाला?" सासूबाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या. "हिला टायमाचं लई कळतंय. हाटंल की एकटी."

ठराव एकमताने मंजूर झाला. गहू भिजत पडलेत, चीक हाटायचा राहिलाय. मी तो आयुष्यात कधी हाटलेला नाही, पण ते कुठल्याच कॅमेऱ्यात दिसत नाही.