झडपेच्या खाचा

महाराष्ट्र राज्य झालं, त्याच्या पुढच्या हंगामातली गोष्ट. नंदुरबारच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी फिटर होतो आणि स्वतःला इंजिनिअरच्या खालोखाल समजत होतो. पट्ट्यावरून आलेला कापूस एका लाकडी झडपेपाशी यायचा. तिथून डावीकडे एक जीन, म्हणजे सरकी काढायचं यंत्र, उजवीकडे दुसरी. एकीची पेटी भरली, की दोरी ओढून झडप फिरवायची आणि कापूस दुसरीकडे लावायचा. हे काम एक म्हातारबा करायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. कित्येक हंगाम त्या धुरळ्यात उभं राहून त्यांची छाती भरली होती. माणूस मोठा गमत्या, पण पुरतं हसताही यायचं नाही; मध्येच खोकला उसळायचा. ते बघून मला राग यायचा, कोणाचा ते सांगता येत नाही.

म्हणून झडप आपोआप फिरेल अशी सोय मी करायला घेतली. पेटीच्या तळाला हलती फळी, फळीला दांडा, दांड्यावर खाचा आणि खाचेत लोखंडी वजन. पेटी भरली की फळी दबायची आणि झडप दुसऱ्या बाजूला पडायची. वजन कुठल्या खाचेत ठेवायचं, एवढाच प्रश्न होता. एका सकाळी ते जुळलं. मी ऐटीत मालकांना बोलावलं. ते खूश होऊन म्हणाले, "मग आता म्हाताऱ्याला घरी बसवू."

आबांची छाती वाचवायला निघालो आणि त्यांच्या पोटावरच पाय आणला.

दुपारी पेटी तुडुंब भरून कापूस खाली सांडला, तरी झडप ढिम्म. आबांनीच धावत जाऊन ती हाताने फिरवली. खोकत खोकत म्हणाले, "सकायना कापूस दव पियेल ऱ्हास, जड ऱ्हास. दुपारले हलका व्हस. तुन्हा लोखंडले हाई कसं समजी, भाऊ?"

"आणि तुम्हाला समजतं, आबा?"

"मन्हा हातले समजस."

मी तडक मालकांकडे गेलो. म्हटलं, वजनाची खाच कापसाच्या गाडीगणिक बदलावी लागेल आणि ते सांगणारा हात तुमच्याकडे एकच आहे. त्यांनी कुरकुरत तीन दिवस बघायचं कबूल केलं.

आबा फाटकापाशी मोकळ्या हवेत बसले. म्हसावदची गाडी येवो की कळसाडीची, मूठभर कापूस दाबायचे आणि आत मला बोटं दाखवायचे. दोन बोटं, दुसरी खाच. तीन दिवसांत बोंडभर कापूस सांडला नाही. मालकांनी आबांना घरी बसवायचा विषय सोडून दिला.

हंगाम सरता सरता मला खुमखुमी आली. एका गाडीतला कापूस दाबून मी तीन बोटं वर केली. आबांनी तोच कापूस चाचपला, माझी दोन बोटं धरून मिटवली आणि हसायला लागले. मी सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला आणि पोटभर हसून घेतलं.