सुरेशदादाची खुर्ची आणि माझ्या चपला

सुरेशदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी घोलवडला चिकूच्या झाडावर होतो. पलीकडे वयनी रडत होती. मी फांदीला अशी मिठी मारली की उतरताच येईना. खालचे ओरडतायत, "लाडक्या, फांदी सोड!" शेवटी शिडी लावून मला उतरवलं, पोत्यासारखं. मयताला सगळ्यात उशिरा पोचलो तो मीच... शाळा मी पाहिलीय ती बाहेरून, म्हणून मी बोलतोय आणि पुतणी लिहितेय.

दादा साऊंड इंजिनिअर. मुंबईच्या स्टुडिओत मोठमोठ्या गवयांचे आवाज त्याने सांभाळले. त्याला विचारल्याशिवाय तिथे कोणी बटण हलवत नसे. मग गावच्या एका लग्नात त्याने सोमीआजीला ऐकलं आणि कायमचा तलासरीला आला. सोमीआजी धवलेरी, वारल्यांची लग्नं लावणारी. सगळे विधी गाण्यातून करते, पण तिच्यामागे शिकणारं कोणी नाय. दादाने घरातल्या एका खोलीत भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि तिची गाणी रेकॉर्ड करायला बसला. माझं काम म्हणजे माईक लावायचा, चहा आणायचा आणि गप बसायचं. गप बसणं मला कधी जमलं नाय. गाण्याआधी दादा नुसती रिकामी खोली रेकॉर्ड करायचा. "खोलीला पण आवाज असतो रे." सगळे चूप... आणि माझं पोट गुरगुरायचं.

आमच्याकडे जमीन हलते. आधी खालून 'गूं' येतं, मग पत्रे वाजतात. दादाच्या कानाला ते सगळ्यांच्या आधी कळायचं. तो बोट वर करायचा, आणि बोट पुरतं वर जायच्या आत मी अंगणात! एकदा तर आजीला ओलांडून पळालो. रेकॉर्डिंगमध्ये सगळं ऐकू येतं, गूं, मग माझ्या चपला फटफट, मग दार.

"पुसून टाक ना दादा."

"राहू दे. हादऱ्यामागोमाग तू येतोसच."

एकच गाणं राहिलं होतं, लग्नाचा चौक लिहितानाचं, म्हणजे भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्र काढतानाचं. दादाचे दिवस झाले आणि आजी काठी टेकत आली, खोकल्याने वाकलेली.

"चल, घे गाणं. माझ्यासोबत जायला नको."

"आजी, मला काय येतं?"

वयनी बोलली, "लाल ठिपक्याचं बटण दाब. माझं नेलपॉलिश आहे ते. तुझ्यासाठीच लावून ठेवलंय त्याने."

मी त्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबलो. एका गोधडीमागे भिंतीला तडा गेलाय, माझं बोट आत जातं. आणि आता आधी सांगणारं कोण? तरी गेलो. दादाच्या खुर्चीशेजारी खाली बसलो, हेडफोन घातला. ठिपका दाबला. रिकामी खोली घेतली... दादा बसला की त्याची खुर्ची करकरायची, तेवढीच करकर नव्हती. आजी गायला लागली.

आणि आलं. गूं... हेडफोनमधून असं आलं की वाटलं, माझ्याच छातीतून निघतंय. पत्रे वाजले. गोधडीमागे माती सुळसुळली. मी डोळे घट्ट मिटले. आजी गातच राहिली, शेवटच्या ओळीपर्यंत.

"आज नाय पळालास?" आजीने विचारलं.

वयनी आता सगळ्यांना सांगते, लाडक्या धीराचा निघाला. धीराचा कसला! मी उठलो होतो. पण कोणाच्या पायात येऊ नये म्हणून हेडफोनची वायर दादा आपल्या खुर्चीच्या पायाला गुंडाळून ठेवायचा. ती कोणी सोडली नव्हती. तिनेच मला मागे ओढलं.

रेकॉर्डिंगमध्ये गूं आहे, आजी आहे. चपला नायत. फक्त एकदा, दादाची खुर्ची करकरते.