नमद्याचा बोळा आणि उस्ताचे नाव

काम संपल्यावर हात सगळेच धुतात. नारीन गावचा गाड्या दुरुस्त करणारा कालमुरात उस्ता इंजिन उघडण्यापूर्वी हात धुई. वाळूचा एक कण बेअरिंगमध्ये शिरला की त्याची करवत होते, असे तो म्हणे. तीस वर्षे त्याने हे व्रत सांभाळले. बेअरिंग बसवताना ‘बिस्मिल्ला’ म्हणावे, इंजिन सुरू झाले की लाकडी काठीचे एक टोक त्यावर आणि दुसरे कानाशी टेकवून ऐकत राहावे, आणि नाद शुद्ध झाल्याविना गाडी अंगणाबाहेर सोडू नये. मुक्या यंत्राची कण्हणी ज्याने अशी मायेने ऐकली, त्यालाच एसेनालीने भर बाजारात चोर म्हटले!

एसेनाली प्रवासी गाडी चालवी. उस्ताने त्याच्या इंजिनात नवी बेअरिंगे घातली आणि महिन्याच्या आतच दोलोनच्या घाटात ते खडखडून जाम झाले. “म्हाताऱ्यानं बेअरिंगच्या नावाखाली पत्रा घातला पत्रा!” तो ओरडत सुटला. त्याच दिवशी दोन गिऱ्हाइकांनी उस्ताच्या अंगणातून आपल्या गाड्या ओढून नेल्या.

उस्ता संतापला. तीस वर्षांचे नाव, आणि ते एका तोंडाने पुसावे? तो तडक मोहल्ल्याचे निवाडे करणाऱ्या शामशी-आकेंकडे गेला.

“आके, गाडी माझ्या अंगणात आणा. मी बोट लावणार नाही. बोल्ट त्यानंच खोलावेत, तुम्ही बघावं. खोट माझी निघाली, तर माझे पाने नदीत!”

दुसऱ्या सकाळी अर्धी गल्ली जमली. एसेनालीने गाडीखाली शिरून इंजिनाखालची तेलाची टाकी उतरवली, बेअरिंगे काढली. ती काळीनिळी पडली होती, चरे पडून वितळली होती.

“बघा! हाच तो पत्रा!”

“पत्रा नंतर,” उस्ता गरजला. “पंप जिच्यातून तेल ओढतो, ती जाळी दाखव आधी!”

जाळी लाल लोकरीने गच्च तुंबली होती. शामशी-आकेंनी काडीने एक पुंजका ओढला, बोटांत चोळला. “हा तर नमदा, थापलेली लोकर!”

इतक्यात एसेनालीची बायको आयिमकान गर्दी सारून पुढे आली. “थांबा! हा माझ्या शिरदाकचा कोपरा! अख्खा हिवाळा खपून गालिचा केला मी, आणि चार आठवडे उंदराला शिव्या देतेय! उंदीर तर गाडी चालवतोय!”

अंगण हसले. उस्ता हसला नाही.

“तेल ओतताना इंजिनाचं झाकण दरीत पडलं,” एसेनाली पुटपुटला. “मग त्या तोंडात याचा बोळा कोंबला.”

“झाकण माझ्याकडं मागायला काय जीभ झडली होती? आणि तेलाचा लाल दिवा?”

“लागला होता. वाटलं, दिवाच बिघडलाय. प्रवाशांना लग्न गाठायचं होतं.”

“अरे, दौडून आलेल्या घोड्याला घाम जिरेपर्यंत पाणी दाखवत नाहीस तू! त्यानं मान टाकली की खाली उतरतोस! मग या मुक्या जिवानं डोळा लाल करून हाक मारली, ती दिसली नाही? लोखंड लोखंडावर फिरत नाही, बाबा. मधल्या तेलाच्या पापुद्र्यावर फिरतं. तो पापुद्रा केसाहून पातळ! बोळ्याच्या लोकरीनं जाळी तुंबली, तेल वर चढलंच नाही; पापुद्रा तुटला की सोन्याची बेअरिंगं घाल, जळतीलच! तेल स्वच्छ आणि पुरेसं ठेव, तोंडाला झाकण लाव, थंडीत इंजिन उबेला येईपर्यंत दामटू नकोस, दिवा लागला की जागीच बंद कर. एवढंच मागतं ते, एवढंच!”

शामशी-आकेंनी दाढीवरून हात फिरवला. “एसेनाली, बाजारात चोर म्हणालास ना? जा. तिथंच, तेवढ्याच मोठ्यानं, शब्द परत घे. आम्ही मागून येतो.”

गल्ली बाजाराकडे चालू लागली. उस्ता ऐकायला गेला नाही. राग अजून कानशिलांत ठणकत होता. त्याने खोक्यातून एक जुने झाकण शोधून गाडीच्या टपावर आपटले, “उंदीर कुठला!” म्हणाला, आणि त्याच इंजिनाला हात घालण्यापूर्वी घासून घासून हात धुवायला बसला.