आबांच्या हातचा ग्लास

वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्याच घरात राहणारे आबा कुणाच्या हातात काही द्यायचे नाहीत. चहा असो की सत्यनारायणाचा शिरा, टेबलावर ठेवायचे आणि मागे सरायचे. "घ्या तुमचं तुम्ही," म्हणायचे. सोवळं पाळता का, म्हणून मी त्यांना चिडवायची. ते हसायचे नाहीत.

पूर्वी हा माणूस असा नव्हता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. आवाज मोठा, आग्रह त्याहून मोठा. महाशिवरात्रीला आमच्या देवळात थंडाई करायचा मान त्यांचा. सकाळपासून बदाम, बडीशेप, मिरी वाटत बसायचे आणि भांगही स्वतःच वाटायचे. कुणी नको म्हटलं की वाक्य ठरलेलं, "अहो, शंकराचा प्रसाद आहे. प्रसादाला कुणी नाही म्हणतं का?" मीही एकदा घेतली आणि दुपारभर कारण नसताना हसत सुटले.

सून मेघना गरोदर असताना तिच्याही हातात त्यांनी ग्लास दिला. "थोडीच घातलीय गं, प्रसादापुरती." सासऱ्यांपुढे तिच्याने नाही म्हणवलं नाही.

नातू ओम मोठा होऊ लागला तरी हाकेला बघेना, बोलेना. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलं. त्याच सुमारास आबांच्या मोबाइलवर कुणीतरी मजकूर पाठवला, की गरोदरपणी भांग-गांजा घेतला तर मूल असं होऊ शकतं. आबांनी पाटा-वरवंटा देवळात देऊन टाकला. कारण कुणालाच सांगितलं नाही. आम्हाला ते फार नंतर कळलं.

कळलं ते एका रविवारी. मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. मुलगा प्रशांत म्हणाला, "आबा, भांगेच्या झाडापासून काढलेलं एक तेल असतं म्हणे. काही ठिकाणी अशा मुलांना देऊन बघतायत. ओमला जरा झोप तरी लागेल."

आबा ताडकन उठले. "त्या झाडाचं नाव काढू नकोस या घरात! मीच पाजलंय ते. हा पोटात असताना, माझ्या या हातानं!" आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसले. एवढा दांडगा माणूस, पण मान वर करेना. कुठे बघावं ते मलाच कळेना.

मेघनाने गॅस बंद केला. "आबा, मी डॉक्टरांना तेव्हाच विचारलेलं. म्हणाले, भांग घ्यायलाच नको होती. पण त्या एका ग्लासामुळेच हे झालं, असं कुणी सांगू शकत नाही. तेलाचंही त्यांनाच विचारू, आपल्या मनाने काही द्यायचं नाही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं, तुम्हाला ओमचीच लाज वाटते. तो रोज तुमच्या खोलीशी येऊन उभा राहायचा आणि तुम्ही दार लावून घ्यायचात. ग्लासाचं मी कधीच सोडून दिलं, आबा. दाराचं नाही सोडलं."

त्यानंतर आबा रोज संध्याकाळी ओमच्या खोलीबाहेर स्टूल टाकून बसू लागले. ओम त्यांच्याकडे पाठ करून ठोकळे रचायचा. हाक मारली की उठून दार लोटायचा. मी एकदा म्हटलं, "आबा, त्याला कळत नाही हो." तर म्हणाले, "कळतं. चांगलं कळतं त्याला." गेल्या श्रावणात ते गेले, तोवर त्यांचं स्टूल दाराबाहेरच होतं.