नवऱ्यांच्या निकामी किडन्या

आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर पुरुषांच्या किडन्या जन्मतःच निकामी असतात, हा शोध मी लावला. हसू नका, छापून आलाय. परदेशातल्या परिषदेत एका गोऱ्या प्राध्यापकाने मला कोपऱ्यात गाठून विचारलं, हे सुक्या मासळीतल्या मिठामुळे होतं का? मी गंभीर तोंड करून म्हणालो, "अभ्यास चालू आहे."

कारण मीठ नव्हतं. मी होतो.

आम्हा किडनीच्या डॉक्टरांच्या धंद्यात एक रीत आहे. नात्यातला कुणी किडनी द्यायला आला की त्याला एकट्याला आत घेऊन विचारायचं, मनापासून देतोयस ना? नाही म्हणाला, तर बाहेर सांगायचं, तपासण्यांत बसत नाही. घर फुटत नाही, माणसाची लाज राहते. अशा वाचवलेल्या नवऱ्यांची, भावांची, दिरांची रांग लावली तर मांडव्याच्या जेट्टीवरून चालत गेटवेला पोचाल, बोट लागणार नाही. आणि मग तेच खोटे कागद मोजून मी शोधनिबंध लिहिला! संशोधक म्हणे.

काशीदच्या बाजूची एक मासळीवाली डायलिसिसला यायची. आवाज असा की मशीनसुद्धा दबून चालायचं. दोन्ही किडन्या गेलेल्या. नवरा तांडेल, बोटीचा मुख्य. रक्तगट जुळला, तपासण्या उत्तम, बैलाला लाजवील अशी किडनी. दार लावल्यावर हात जोडून म्हणाला, "दाक्तर, मना न्हाय जमायचं. बोट कोन चालवंल? तुमी लिवा काय ते."

वादळात बोट घालणारा गडी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जबरदस्तीने अवयव घेता येत नाही, घेऊही नये. लिहिलं.

आठवड्यात मासळीवाली माझ्या खोलीत उगवली. "मालकांना अळणी घालतेय. मासली बंद, सुकट बंद, ताडी बंद. बोटीवर पन जायचं न्हाय म्हनलं, किडनी खराब हाय तुमची. बरोबर ना दाक्तर?"

मी फाईलमध्ये तोंड घातलं.

"तोंड कशाला लपवता?" तिनं आवाज खाली आणला, तरी खिडकीची काच थरथरली. "मना ठाव हाय सगलं. पंचवीस वर्सं संसार केलाय त्याच्यासंगं. भ्याला तो. खाऊं दे अळणी. पन मना एक सांगा. बाया येतात किडनी द्याला, त्यांना पन असं दार लावून इचारता का?"

विचारायचो, नियमच आहे. पण कसं? मान कागदात, "देणार ना मावशी?", आणि उत्तराआधी पेनाची खूण. बायको, आई, बहीण, एकीचीही किडनी मी कधी खराब ठरवली नव्हती. त्यांनाही भीती वाटत असेल, हे डोक्यातच आलं नाही. तांडेलावरचा सगळा राग गर्रकन फिरून माझ्याच अंगावर आला, तो अजून उतरलेला नाही.

"उद्या माजी आय येते," ती म्हणाली. "तिला नीट इचारा. न्हाय म्हनली तर तिच्या पन नावानं लिवा." हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईशिवाय जुळणारं कुणी उरलं नव्हतं, आणि मृत दात्यांच्या यादीत नंबर लागेपर्यंत ती टिकली नसती.

आई आली. दार लावलं, पेन खाली ठेवलं, विचारलं. तिनं इतका वेळ घेतला की तेवढ्यात न्हावा शेव्याला एक अख्खं जहाज रिकामं होऊन पुन्हा भरलं असतं.

"भ्या वाटतं," ती शेवटी म्हणाली. "पन देनार. त्या जावयाला येक सांगा. आमी दोगी उठेस्तवर बाजारात टोपली त्यानं लावायची."

कोळ्यांत मासळी बाप्यानं पकडायची, विकायची बाईनंच. तांडेल बाजारात बसला म्हणजे गावभर शोभा. मी अट नोंदवून घेतली. कायद्यात बसते का, कुणाला विचारलं नाही.

शस्त्रक्रिया झाली, दोघी सुखरूप. तीन महिने तांडेल टोपली लावून बाजारात बसला. दर रविवारी मी जायचो, त्याचं पापलेट उलटसुलट करायचो, कल्ले उघडून नाक मुरडायचो. आजूबाजूच्या कोळणी पदर तोंडाला लावून हसायच्या.

"दाक्तर, घ्याचं हाय का न्हाय?" तांडेल वैतागायचा.

"बघतो," म्हणायचो, आणि शेजारच्या कोळणीकडून घ्यायचो.